जुन्या-नव्याच्या जोडावर

पोरी, तुमचा नकाशा पाहिला. परसात दोन खोल्या, वर स्लॅब, जिना बाहेरून, आणि पुढची माळवदाची ओसरी तशीच. ओसरी पाडत नाही म्हणालीस, तेव्हा मला फार बरं वाटलं. पण ती ठेवलीस म्हणूनच हे सगळं सांगायला बसले आहे. मोकळ्या जागेवर घर बांधणाऱ्याला निम्मी चिंता नसते. उभ्या घराला घर लावायचं म्हटलं की जुनं जिथं संपतं आणि नवं जिथं सुरू होतं, तिथंच सगळं दुखणं निघतं. माझ्यादेखत या घराला दोनदा हात लागला आणि दोन्ही वेळा त्रास जोडावरच झाला. एकदा भिंतीच्या जोडावर, एकदा भावाभावांच्या.

लेक कामाला वाळूजला. शनिवारी रात्री येणार, रविवारी संध्याकाळी जाणार. म्हणजे मिस्त्रीपुढे सहा दिवस तूच उभी राहणार. मिस्त्री पहिल्यांदा तुझ्याशी नीट बोलणार नाही, "साहेब आल्यावर बघू" म्हणेल. म्हणून कामाला हात लागायच्या आधीच लेकानं त्याच्या तोंडावर सांगावं की पैसे हीच देणार आणि मोजमापही हीच घेणार. पैसे कोण देतं ते एकदा कळलं की माणूस बोलायला लागतो.

आधी कागद. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढ आणि घर कुणाच्या नावावर आहे ते बघ. आपल्याकडे तीन-तीन पिढ्या गेल्या तरी घर पणज्याच्या नावावरच असतं. तसं असेल तर आधी वारसनोंद करून घे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली आणि मिळकत पत्रिका निघाल्या. आपली निघाली असेल तर तीही हाताशी ठेव. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, त्यातलं कलम ५२ बांधकामाच्या परवानगीचं. गावात कोण एवढं करतो, असं लोक म्हणतात. करावं. तक्रार झाली तर तोंडी होकार कुणाला आठवत नाही, शिक्क्याचा कागद तेवढा कामाला येतो.

पण कागदाच्याही आधी चहा. तुझ्या धाकट्या चुलत सासऱ्यांना आणि पलीकडच्या शेजाऱ्यांना एका दिवशी बोलाव, फीत आण आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माप टाक. उत्तरेची भिंत सामाईक आहे. तिच्यावर आपला स्लॅब टेकवायचा विचारसुद्धा मनात आणू नको. आणि पावसाचं पाणी कुठं पडणार, हे त्याच बैठकीत बोलून घे. भिंत एखादी वीत पुढं सरकली तर लोक कुरकुरतात आणि सोडून देतात, पण आपल्या पन्हाळाचं पाणी दुसऱ्याच्या दारात पडलं तर ते वीस वर्षं विसरत नाहीत. आमच्या घरातला भावाभावांचा आठ वर्षांचा अबोला एका पन्हाळावरून होता. तो मिटवायला पुढं दोन लग्नं व्हावी लागली.

आता मातीचं सांगते, कारण खरा घोर तिचाच आहे.

आपल्या बोलण्यात गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. आपलं घर गावठाणाच्या कडेला आहे. ओसरी आणि मधलं घर पांढरीवर आलं, परस काळीवर. तुझ्या नकाशात हे कुठंच दिसत नाही, पण तुमच्या दोन्ही खोल्या काळीवर जाणार आणि जुनं घर पांढरीवरच राहणार. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आटते. मे महिन्यात परसातल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत जातो, ते तू पाहिलं आहेस. पांढरी तशी हलत नाही. म्हणजे एकाच घराचा अर्धा भाग दरवर्षी थोडा वर-खाली होणार आणि अर्धा जागच्या जागी बसणार. ते दोन्ही भाग एकमेकांत घट्ट गुंतवले, तर मधली भिंत फाटणारच. त्यात मिस्त्रीचाही दोष नाही आणि सिमेंटचाही नाही.

म्हणून पाया खणायच्या आधी परसाच्या दोन कोपऱ्यांत दोन खड्डे घे. मुरूम किती फुटांवर लागतो ते इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखव. चार-पाच फुटांवर लागला तर पाया मुरमापर्यंत न्यायचा, त्यात काटकसर करायची नाही. काळीचा थर फार खोल निघाला, तर जमिनीत खोल खांब घालून त्यांचा तळ कांद्यासारखा फुगवतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी ही पद्धत चांगली बसवून दिली आहे. त्याला खर्च येतो, पण दर दोन वर्षांनी भेगा बुजवत बसण्यापेक्षा तो परवडतो. आणि पायातून निघालेली काळी माती जोत्यात भरू देऊ नको. ती शेतात टाका. जोत्यात मुरूमच, वीत-वीत थरानं, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून.

पांढरीतही एक खोड आहे. जुन्या गावठाणात धान्याची पेवं असत. वरून नुसती शहाबादी फरशी किंवा माती दिसते, खाली माणूस उतरेल एवढी पोकळी असते. आपल्या ढेलजेखाली एक आहे, असं माझ्या सासूबाई सांगायच्या, मी ते उघडलेलं कधी पाहिलं नाही. जिन्याचा पाया त्याच बाजूला येतोय. तिथं पहार ठोकून बघ. बद्द आवाज आला तर काम थांबव, उघड, आणि लगेच आत कुणाला उतरू देऊ नको. बंद पेवातली हवा माणसाला गुदमरवते. दिवसभर तोंड उघडं ठेवून मगच मुरूम भरायला घ्या, आणि भरायचं तेही वरून.

आता भिंतीच्या जोडाची गोष्ट सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. लातूर-धाराशिवकडची आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आपण तिथून लांब, पण घर आपलंही तसंच होतं, दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर माळवद. दर पावसाळ्याआधी प्रत्येक पिढीनं धाब्यावर नवी पांढरी माती टाकली, जुनी कुणी काढली नाही. असं करून करून छतावर दोन-अडीच फूट माती चढली होती. तिकडं त्या वजनानंच घात केला. हादऱ्यानं भिंती बाहेर फाकल्या आणि माती झोपलेल्या माणसांवर आली. जिथं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथं भिंती ढासळूनही बऱ्याच ठिकाणी छत खांबांवर तगलं. ते ऐकल्यावर तुझ्या मामंजींना कित्येक रात्री झोप नव्हती. १९९५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धाब्यावरची निम्म्याहून जास्त माती उतरवली, आणि घरात गवंडी आलाच आहे तर पूर्वेला स्वयंपाकघरही वाढवून घेऊ म्हणाले.

तिथं चुकलं. मिस्त्रीनं जुन्या भिंतीला लागून पायाचा चर एका दिवसात पूर्ण लांबीत उघडला, तोही जुन्या पायाच्या तळाखाली. त्याच रात्री अवकाळी पाऊस झाला. पहाटे मी चुलीकडे आले तर भिंत बाहेर झुकलेली दिसली, आतून चौकटीच्या वर फट पडलेली. बैलगाडीची दांडी आणि शेतातले वासे आणून टेकू दिले. घरातलं धान्य, लेकरं, अंथरूण सगळं तसंच ओसरीवर काढलं आणि पंधरा दिवस तिथंच काढले. कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. तेव्हा लक्षात ठेव, जुन्या भिंतीजवळचा चर एकदम उघडायचा नाही. तीन-चार फूट खणायचं, बांधायचं, भरायचं, मग एक टप्पा सोडून पुढचा. मिस्त्री म्हणेल, बाई, यानं चार दिवस वाढतात. वाढू देत.

दुसरी चूक तेव्हा कुणाला कळलीच नाही. नव्या विटा जुन्या भिंतीत दात काढून गुंतवल्या. घट्ट बसलं म्हणून आम्ही समाधान मानलं. पहिल्याच उन्हाळ्यात तिथून केसाएवढी भेग निघाली. तुम्ही नवं जुन्यात गुंतवू नका. नव्या खोल्यांचे खांब वेगळे, पाया वेगळा, स्लॅब वेगळा, आणि दोन्ही भिंतींमध्ये बोटभर फट. त्या फटीत थर्माकोल बसवतात आणि वरून पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याची पट्टी एकाच बाजूला ठोकतात. दोन्ही बाजूंना ठोकली की ती भिंतीबरोबर ताणली जाऊन उखडते. दारातून जाताना पायाखाली फट दिसेल, ती झाकायला सरकती पट्टी बसव.

जोत्याचं सांगायचं राहिलं. नवं जोतं रस्त्याकडे बघून ठरव, जुन्या घराकडे बघून ठरवू नको. आपल्यासमोरचा रस्ता मी सून म्हणून आले तेव्हा ओसरीच्या तीन पायऱ्या खाली होता. आता एकच पायरी उरली आहे. खडी आली, डांबर आलं, सिमेंट आलं, प्रत्येकानं पहिल्याच्या अंगावर थर दिला. अजून एक-दोन थर येतीलच. नवं जोतं आजच्या रस्त्याच्या वर किमान दोन फूट घ्या. पण मग नव्या खोल्या उंच आणि जुनं घर खोलगट होईल. म्हणून नव्या स्लॅबचं आणि परसाचं पाणी जुन्या घराकडे उतरणार नाही असा उतार आधीच काढा. न्हाणीचं पाणी आणि शोषखड्डा पायापासून दहा-बारा फूट तरी लांब पाहिजे. भिंतीशेजारी केळीचे खुंट लावू नका, कितीही शोभा येत असली तरी. पायाजवळची काळी माती कायम ओली ठेवणं आणि कायम कोरडी ठेवणं, दोन्ही एकवेळ चालेल, पण एक बाजू ओली आणि एक कोरडी चालत नाही.

काम केव्हा काढायचं, यावर तुमचं ठरत नाही म्हणे. मी सांगते, दिवाळीनंतर काढा. सगळे उन्हाळ्यात काढतात, शेत मोकळं असतं म्हणून. पण आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे टँकर. २०१३ साली जालन्यासह मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा ज्यांचे स्लॅब अर्धवट होते त्यांचे हाल पाहिले आहेत. बांधकामाला पाणी लागतं ते कालवायला थोडं आणि मुरवायला फार. तुमचा स्लॅब साधारण ५०० चौरस फुटांचा. त्यावर मातीची आळी करून दोन इंच पाणी उभं करायचं म्हटलं तर एका वेळेला २,३०० लिटर लागतं, आणि उन्हानं उडालेलं रोज परत भरावं लागतं. दिवाळीनंतर विहिरीला पाणी असतं, कपाशीचा पैसाही त्याच महिन्यांत येतो. अडचण एकच, दसरा झाला की निम्मे मजूर ऊसतोडीला जातात. म्हणून मिस्त्रीशी बोलणं पोळ्याच्या सुमाराला करून ठेवा, आणि माणसं कोणती येणार तेही विचारून ठेवा. संक्रांतीच्या आसपास स्लॅब पडला तर मृगाच्या आधी गिलावा, दारं, फरशी आरामात होतं.

मिस्त्रीशी बोलणी मजुरीवर करा, साहित्य आपलं. साहित्यासह दिलं की आपल्याला चौकट दिसते, चौकटीतलं लाकूड दिसत नाही. मजुरी चौरस फुटावर ठरते, पण तो फूट कुठून कुठं मोजायचा हे लिहून घ्या. छज्जा धरायचा का, जिना कसा धरायचा, ओट्याचं वेगळं का, जुनं पाडायचं कुणाकडे, मलबा कोण टाकणार. भांडणं होतात ती दरावरून कमी आणि अशा न बोललेल्या गोष्टींवरून जास्त. उचल मागेल, थोडी द्या, त्यालाही माणसं बांधून ठेवायची असतात. पण पुढं पैसा झालेल्या कामाच्या मागंच चालला पाहिजे. जोतं झालं की इतके, स्लॅब पडला की इतके. आणि दहावा हिस्सा पहिला पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवायचा. हे आधी सांगितलं तर कुणी रागावत नाही. शेवटी सांगितलं तर भांडण होतं.

पैशाचं म्हणशील तर जेवढा अंदाज निघेल त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका वेगळा ठेव आणि तो असल्याचं कुणालाही सांगू नको, नवऱ्याला सोडून. जुन्या घराला हात लावला की पोटातून काय निघेल ते कुणी सांगू शकत नाही. तुझ्या जावेच्या माहेरी घरकुल मंजूर झालं, तसं आपल्याला बसत नाही. पण गावात कुणी विचारलं तर सांग, प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात केंद्र-राज्य मिळून घराला १ लाख २० हजार धरलेत आणि घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. हप्ते कामाच्या फोटोवर सुटतात, म्हणून पहिला हप्ता दुसऱ्याच कामात घालणाऱ्याचं घर जोत्यावरच अडतं. शेत विकून खोली बांधायची नाही. सोनं मोडायची वेळ आलीच तर मला विचार, मी माझ्या पाटल्या देईन, त्या आता हाताला जडच होतात.

आता पाडकाम. नव्या खोल्यांसाठी माळवदाचा जो मागचा खण काढायचा आहे, तो घाईनं काढू देऊ नको. आधी वरची माती, तीही दोन्ही बाजूंनी सारखी, आणि खाली कुणी नको. मग किलचण, मग कड्या, मग तुळई, आणि भिंत सगळ्यात शेवटी, वरून खाली. प्रत्येक कडीला खडूनं आकडा घाल. ते सागवान आहे, आता त्या मापाचं बाजारात मिळत नाही. पाडकाम सुरू झालं की जुनं लाकूड घेणारे दारात येतात, पहिल्या दिवशी जो भाव सांगतात तो ऐकून हरखून जाऊ नको. गणेशपट्टीची चौकट तर विकायचीच नाही, ती नव्या देवघराला लाव. दगड निवडून घडीव वेगळे, अनघड वेगळे लाव. अनघड पायात जातील. आणि दगडाखाली विंचू असतोच, हातमोजे आणून ठेव आणि मजूर बाईला तिचं लेकरू त्या ढिगाजवळ टाकू देऊ नको. ओसरीच्या खांबाला झोळी बांधून दे.

साहित्य मोजायला लाजायचं नाही. आपला जिल्हा लोखंडाचा, जालन्याच्या रोलिंग मिलचा गज दूरदूर जातो. आपल्याला त्याचा फायदा एवढाच की काट्यावर स्वतः उभं राहता येतं. तुझं गणित चांगलं आहे, हे पाठ कर. गजाच्या जाडीचे जेवढे मिलिमीटर, त्याचा वर्ग कर आणि १६२ नं भाग, मीटरला किती किलो ते येतं. १२ मीटरच्या लांबीला ८ मिलिमीटरचा गज पावणेपाच किलोच्या आसपास, १० चा ७.४, १२ चा साडेदहाच्या थोडा वर. शेकडा चार-पाच इकडंतिकडं चालतं. त्याहून कमी भरला तर माल परत. गजावर आयएसआयचा शिक्का बघ, नंबर आयएस १७८६.

वाळू ट्रॉलीत मोजतात ब्रासनं, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटांत घेऊन गुणायची, १०० नं भागायची. १० फूट लांब, ६ फूट रुंद, दीड फूट भरलेली म्हणजे ९० घनफूट, ब्रास पुरा झाला नाही. मधे ढीग आणि कोपरे रिकामे असतील तर फावड्यानं सपाट करून मग माप घे. वाळू पूर्णेची आहे असं सांगतील, रॉयल्टीची पावती माग. पावती नसली तर ट्रॅक्टर पकडला जातो आणि काम अडतं आपलं. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलव आणि तीन तास ठेव. वाळूवर गाळाचा थर बसतो, तो शंभरात आठ भागांहून जाड दिसला तर ती वाळू स्लॅबला नको. खडीचं मला सांगू नकोस. ७२ च्या दुष्काळात चौदाव्या वर्षी रस्त्याच्या कामावर मी खडी फोडलेली आहे, आणि सुकडीवर दिवस काढलेले आहेत. चपटी खडी हातात धरली की कळते. ती गजाखाली आडवी बसते आणि पोकळी ठेवते. बारा-वीस मिलिमीटरची, चौकोनी, धुळीशिवायची घे.

सिमेंटच्या गोणीवर कोणत्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांच्या आतलीच घे. फळ्यांवर रच, भिंतीपासून फूटभर लांब, दहा थरांपेक्षा उंच नको. रिकाम्या गोण्या रोज संध्याकाळी मोजून वहीत लिही. तुमच्या पाच इंची स्लॅबला दोन ब्रासच्या वर काँक्रीट लागेल, म्हणजे पन्नासच्या आत-बाहेर गोण्या. पस्तीसच रिकाम्या निघाल्या तर काय झालं ते समजायला इंजिनिअर लागत नाही.

स्लॅबच्या आदल्या दिवशी तू स्वतः वर चढ. गजांखाली ठोकळे आहेत ना बघ, गज फळीला टेकलेला दिसला तर तो पुढं गंजून स्लॅब फोडणार. खांबांच्या रिंगांची टोकं आत वळवलेली हवीत, नुसती कोनात मुडपलेली नकोत. किल्लारीनंतर हेच सगळ्यांना शिकवलं. विजेच्या नळ्या, पंख्याचे डबे मोजून घे. आणि मागच्या खोलीत मधोमध पाळण्यासाठी एक कडी सोडायला सांग. नंतर छिन्नी लावून स्लॅब फोडू नये.

वर बघताना तारेकडेही बघ. चाळीस फुटी गज उभा करताना विजेच्या तारेला लागून माणसं गेली आहेत. आपल्या परसावरून सर्व्हिस वायर जाते, ती महावितरणला अर्ज देऊन आधी हलवून घे. त्यात दोन आठवडे गेले तरी चालतील.

त्या दिवशी पाण्यावर लक्ष ठेव. माल पातळ असला की पटापट पसरतो, म्हणून मजूर पाणी वाढवतात. एका गोणीला १५ लिटरच्या दोन बादल्यांच्या आतच पाणी, ओली वाळू असेल तर आणखी कमी. बादलीवर तू रेघ मार आणि मिक्सरपाशी उभी राहा. व्हायब्रेटर दोन मागव, एक बंद पडतोच. दुपारी सगळ्यांना जेवायला घाल, पोटभर, गोडासह. पण सगळ्यांना एकदम बसवू नको, काम तुळईच्या मधे थांबलं की तिथं जोड राहतो. पाळीनं जेवतील.

मग चौदा दिवस पाणी. आजकाल राखमिश्रित सिमेंट येतं, त्याला दहा दिवस तर लागतातच, आपण चौदा धरायचे. मी सकाळी पाचला उठते, पाइप माझ्याकडे दे. फळ्या-टेकू काढायची घाई सेंटरिंगवाल्याला असते, त्याचा माल दुसरीकडे जायचा असतो. इंजिनिअर हो म्हणेपर्यंत एकही टेकू निघणार नाही असं बजाव. तुळयांखालचे तर चौदा दिवसांच्या आत हलवूच द्यायचे नाहीत.

या सहा महिन्यांत घरातली चूल कुठं लावायची ते आधी ठरव. धान्य माझ्या खोलीत हलव, धुळीनं ज्वारी खराब होते. म्हैस धाकट्यांच्या गोठ्यात बांधू, मी बोलते त्यांच्याशी. तुळस मात्र जागची हलवू नका असं मी म्हणणार नाही. ती कुंडीत काढ आणि घर झालं की परत लाव, रोप जगलं म्हणजे झालं. राजुरला जाऊन गणपतीला नारळ फोडून ये, आणि मुहूर्त आपल्या विहिरीचं पाणी बघून काढायला सांग.

एक शेवटचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फडताळाच्या मागं, भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. तुला माहीत नसेल, कारण फडताळ कधी हललं नाही. ती १९९६ ची भेग. तुझे मामंजी दर मे आणि दर सप्टेंबरला तिच्या टोकाशी रेघ ओढून तारीख घालायचे. उन्हाळ्यात ती उघडायची, पावसात मिटायची, आणि वरच्या अंगाला दरवर्षी थोडी सरकायची. जिथं थांबली तिथं २००४ लिहिलं आहे. त्यापुढं ती हलली नाही, म्हणजे घर तिथं बसलं. ते गेल्यावर मी त्या भिंतीला तीनदा चुना दिला, तेवढी जागा सोडून. गिलावा करणाऱ्याला ती खरवडू देऊ नको.

आणि तुमच्या जोडापाशीही तसंच कर. पहिल्या मृगाच्या पावसात रात्री उठून बॅटरी घेऊन वर जा, पट्टीखालून पाणी झिरपतं का बघ, आतून भिंतीला तळहात लावून ओल बघ. कुठं केसभर चीर दिसली तर घाबरू नको, तिच्या दोन्ही टोकांना रेघ मार आणि तारीख घाल. पेन्सिल त्याच फडताळाच्या वरच्या खणात आहे, हिशेबाच्या वहीजवळ.